पनामा: पावसावर चालणारा कालवा

पनामा सिटीहून मिराफ्लोरेसचे लॉक (जहाज पाण्याने चढवणारे-उतरवणारे दारबंद कप्पे) बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा, नाहीतर थेट दुपारी तीननंतर जा. सकाळी पॅसिफिककडून जहाजं आत शिरतात आणि अटलांटिककडून निघालेली इथे यायला दुपार उलटते. मधल्या वेळात गच्चीवरून नुसतं पाणी बघत बसावं लागतं. दिशाही चकवतात: भूमीची पट्टी इथे आडवी पसरल्यामुळे कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या चक्क पूर्वेला आहे.

जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर आणि त्यात मावणारं मोठ्यात मोठं जहाज 32.3 मीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट! काठावरच्या रुळांवरून चालणारी इंजिनं तारांचे दोर ताणून जहाज मधोमध धरतात. खालच्या झडपा उघडल्या की पाणी चढतं आणि मिनिटागणिक डेक तुमच्या नजरेच्या पातळीला येतो. पंप कुठेच नाही. समुद्रापेक्षा 26 मीटर उंच असलेल्या गातून नावाच्या तलावाचं पाणी स्वतःच्या भाराने खाली येतं.

सगळी मेख या तलावात आहे. 80 किलोमीटरचा चिंचोळा पट्टा फ्रेंचांनाही मिळाला होता, पण समुद्रसपाटीपर्यंत खणत जाण्याचा त्यांचा हट्ट दरडी आणि पीतज्वरापुढे टिकला नाही. अमेरिकनांनी चाग्रेस नदी अडवून हा तलाव केला, जहाजं डोंगरावर चढवली आणि 1914 मध्ये कालवा सुरू झाला. मात्र एका जहाजामागे सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं.

म्हणून 2023 च्या एल निनोत पाऊस ओढ देताच रोजची 36 जहाजं डिसेंबरात 22 वर आली. मोठ्या जहाजांचा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडावं याची मर्यादा) 15.2 वरून 13.4 मीटरवर आणला गेला. तेव्हा काहींनी एका टोकाला कंटेनर उतरवून रेल्वेने पलीकडे नेले आणि तिथे पुन्हा चढवले. रांग टाळण्यासाठी एका फेरीच्या लिलावात जवळपास 40 लाख डॉलर मोजले गेले.

वेळ असेल तर कोलोनजवळचं आग्वा क्लारा चुकवू नका, माझ्या मते मिराफ्लोरेसपेक्षा तेच जास्त शिकवतं. 2016 च्या या 55 मीटर रुंद लॉकमध्ये प्रत्येक कप्प्याशेजारी तीन टाक्या आहेत. त्यांतून 60 टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. तोटा एवढाच की तलावात खारं पाणी शिरतं, आणि निम्म्याहून अधिक देश याच खोऱ्यातलं पाणी पितो. आता पाणी पुरावं म्हणून इंडिओ नदीवर नवं धरण बांधायचा बेत आहे. त्या खोऱ्यातली गावं विरोधात उभी आहेत.