251 फूट: डॉजर्सच्या 1958 च्या मैदानाचं मॉडेल, आत्तापर्यंतचं काम

मंडळी, मैदानाच्या डावीकडचा जाळीचा पडदा उभा राहिला. तीनदा काढला, चौथ्यांदा बसवला, आणि काल रात्रीपासून ताठ आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी करतोय ते लॉस एंजेलिसचं मेमोरियल कोलिझियम, 1:500 प्रमाणात. 1923 साली उघडलेलं हे स्टेडियम मुळात अ‍ॅथलेटिक्स आणि अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये इथेच आपल्या हॉकी संघाने अमेरिकेला 24-1 असं हरवलं होतं. त्यातले रूपसिंगचे 10 आणि ध्यानचंदचे 8. मी मात्र 1958 सालचं कोलिझियम करतोय. ब्रुकलिन सोडून आलेल्या डॉजर्स संघाने त्या वर्षी या लंबगोल भांड्यात बेसबॉलचं मैदान कसंबसं बसवलं. त्या हंगामात त्यांनी 71 सामने जिंकले, 83 हरले आणि आठ संघांच्या नॅशनल लीगमध्ये ते सातवे आले. पहिल्या आलेल्या मिलवॉकी ब्रेव्हजच्या 21 सामने मागे.

मागच्या नोंदीनंतर दोघांनी विचारलं, एवढी मेहनत घ्यायची तर विजेत्या संघाचं मैदान का नाही करत? डॉजर्स 1955 मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकले, तेव्हाचं त्यांचं ब्रुकलिनचं मैदान, एबेट्स फील्ड, कर की. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. पडदा बसवताना ते सापडलं. 1958 चा हंगाम समजायचा असेल तर आकडेवारीचं पान पुरत नाही, मैदानाचा आकारच डोळ्यांसमोर लागतो. जिंकलेल्या वर्षाबद्दल भरभरून लिहिलेलं असतं. सातव्या क्रमांकाच्या वर्षाची मात्र गुणतक्त्यातली एक ओळ उरते, आणि ती ओळ या संघावर अन्याय करते असं माझं ठाम मत आहे.

आधी उरकलेली कामं. प्लायवूडचा पाया 80 बाय 60 सेंटीमीटर. प्रेक्षकांच्या रांगा तेव्हा प्रत्यक्षात 79 होत्या; या प्रमाणात एकेक रांग कापणं शक्य नाही, म्हणून तीन रांगांची एक पायरी धरून कार्डशीटच्या 26 पायऱ्या केल्या. समोच्च रेषांचा नकाशा थरांनी उचलतात तशाच, एकावर एक. पावसाळी हवेत फेव्हिकॉल वाळेना आणि चौथ्या थराला पोक आला, तेव्हापासून प्रत्येक थर रात्रभर जाड शब्दकोशांच्या वजनाखाली ठेवतो. पूर्वेकडच्या प्रवेशद्वाराच्या कमानी अजून कच्च्या आहेत, त्यांचे फोटो पुढच्या वेळी.

आता पडदा.

बेसबॉलचं मैदान पंख्याच्या आकाराचं. पंख्याच्या टोकाला होम प्लेट, म्हणजे फलंदाजाची जागा; तिथून दोन्ही बाजूंना फाउल लाइन, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषा, निघतात. होम प्लेट कोलिझियमच्या पश्चिम टोकाला ठेवली, आणि लंबगोलामुळे डावी फाउल लाइन अवघ्या 251 फुटांवर थेट प्रेक्षकांच्या रांगांना भिडली. 251 फूट म्हणजे साडेशहात्तर मीटर. क्रिकेटच्या सवयीने आपल्याला ही चांगली सीमारेषा वाटेल. पण मोठ्या लीगच्या मैदानांवर हे अंतर साधारण 300 फुटांच्या पुढे असतं, आणि जोर लावून मारणाऱ्या फलंदाजाला 251 फूट म्हणजे अंगणातला खेळ. उजवीकडे फाउल लाइन 301 फुटांवर होती खरी, पण तिथून कुंपण झपाट्याने लांब पळत जायचं, उजव्या मध्यात 440 फुटांपर्यंत. माझ्या पाट्यावर मोजलं तर डावीकडे 15.3 सेंटीमीटर आणि उजव्या मध्यात 26.8. पंख्याची एक बाजू कोणीतरी दुमडून टाकल्यासारखी दिसते.

डावीकडची ही उणीव झाकायला तिथे चाळीस-बेचाळीस फूट उंचीचा जाळीचा पडदा उभारला, फाउल लाइनपासून आत सुमारे 140 फूट लांबीचा. बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांना तेवढ्यानेही समाधान नव्हतं. प्रेक्षकांच्या रांगांमध्ये, 333 फुटांवर, दुसरा पडदा बांधावा आणि चेंडू दोन्ही ओलांडेल तेव्हाच होमरन (आपल्या षटकारासारखा कुंपणापार फटका) धरावा, असं त्यांचं म्हणणं. पण भूकंपापासून बचावाच्या कॅलिफोर्नियाच्या बांधकाम कायद्यात ते बसेना, म्हणून एकच पडदा राहिला.

माझ्या प्रमाणात हा पडदा अडीच सेंटीमीटर उंच आणि साडेआठ सेंटीमीटर लांब. पहिल्यांदा मच्छरदाणीची जाळी लावली. तिचं एक भोक जवळजवळ सव्वा मिलिमीटरचं, म्हणजे प्रत्यक्षात दोन फुटांचं. चेंडू सोडाच, माणूस आरपार जाईल. दुसऱ्यांदा फळांच्या पॅकिंगची जाळी आणली, ती सरळ राहीना. तिसऱ्यांदा आईने जुन्या ऑर्गंझा साडीच्या पदराचा तुकडा दिला. तो विणीला अगदी बरोबर होता, पण मी साधा डिंक लावला आणि मधोमध झोळ पडला. चौथ्या वेळी तोच कपडा आधी कांजीत बुडवला, काचेवर ताणून वाळवला आणि मग कापला. खांबांना वीजेच्या वायरीतली तांब्याची तार सरळ करून वापरली. खऱ्या पडद्याचे मनोरे, तारा, आधाराचे सांगाडे हे सगळं खेळात धरलं जायचं. चेंडू त्यावर आपटून कुठेही उडाला तरी खेळ चालू. म्हणून तारा नुसत्या रंगवून दाखवायच्या नाहीत असं ठरवलं होतं. सुईदोऱ्यातला एक पदर सोडवून प्रत्येक तार वेगळी ताणली आहे. हे काम मन लावून करण्यासारखं आहे, घाई करू नका.

पडदा झाल्यावर टाचण्या. पहिल्या दिवसापासून हे डोक्यात होतं. 1958 मध्ये कोलिझियममध्ये दोन्ही संघांचे मिळून 193 होमरन झाले. त्यातले डावीकडे 182, मध्यात 3, उजवीकडे 8. प्रत्येक होमरनला एक टाचणी. डावीकडे लाल, मध्यात पांढऱ्या, उजवीकडे निळ्या. कोणता चेंडू नेमक्या कोणत्या खुर्चीवर पडला हे दाखवायचा दावा नाही, फक्त बाजू दाखवायची आहे.

शनिवारी भाचा आला होता, त्याला टाचण्या मोजून द्यायला बसवलं. शंभराच्या पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मामा, इकडे आता जागाच नाही उरली." खरंच नव्हती. साडेआठ सेंटीमीटरच्या पडद्यामागे लाल माथ्यांचा गठ्ठा झाला होता, एकीला टोचायला गेलं की दुसरी वाकडी व्हायची. शेवटी मागच्या चार पायऱ्यांवर पसरत गेलो. मग तो उजव्या बाजूला गेला आणि आठ निळ्या टाचण्या टोचल्या. एवढ्या मोठ्या रिकाम्या उतारावर आठच. "अजून कुठायत?" त्याने विचारलं. संपल्या, म्हटलं. तो बराच वेळ दोन्ही बाजूंकडे आलटून पालटून बघत होता.

त्या आठ टाचण्यांच्या शेजारी उभं राहिलं की ड्यूक स्नायडरची आठवण होतेच. हा डॉजर्सचा डावखुरा फलंदाज. डावखुऱ्याचा जोराचा फटका स्वाभाविकपणे उजवीकडे जातो. ब्रुकलिनला एबेट्स फील्डमध्ये उजवी फाउल लाइन 300 फुटांच्याही आत होती. तिथे 1953 ते 1957 अशी सलग पाच वर्षं त्याने दरवर्षी 40 किंवा अधिक होमरन मारले. 1958 मध्ये मारले 15. गुडघ्याचं दुखणं होतं हे खरं. हंगामाच्या सुरुवातीलाच कोलिझियमच्या बाहेर चेंडू फेकून दाखवण्याच्या पैजेत त्याने हातही दुखावून घेतला, त्याबद्दल दंडही झाला. पण फलंदाजीची सरासरी बघा: .312. म्हणजे बॅटला चेंडू लागत होता. ब्रुकलिनला रस्त्यावर जाऊन पडणारा फटका इथे उजव्या मध्याच्या मोकळ्या रानात क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावत होता. मॉडेलवर होम प्लेटपासून त्या कुंपणापर्यंत दोरा ताणून बघा, मग 15 हा आकडा वेगळा दिसतो.

उलटं दुःख रॉय कॅम्पानेलाचं. उजव्या हाताने खेळणारा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजामागे चेंडू झेलणारा), 1951, 1953 आणि 1955 असा तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यासाठी डावीकडचा हा पडदा जणू मागवून बांधल्यासारखा होता. 28 जानेवारी 1958 च्या पहाटे न्यूयॉर्कजवळ ग्लेन कोव्हला बर्फावरून त्याची गाडी घसरून खांबावर आदळली आणि तो कायमचा लुळा झाला. कोलिझियममध्ये तो एकही सामना खेळला नाही. होम प्लेटमागची कॅचरची जागा मी मॉडेलवर मोकळी ठेवणार आहे. जॉन रोझबरोने ती जागा पुढे समर्थपणे सांभाळली, त्याचा मान कमी करायचा नाही. पण त्या वर्षीची ती पोकळी मला दाखवायची आहे.

बाकी संघ कसा होता? वाढत्या वयाचे आणि कोवळे यांची मोट. पी वी रीस चाळिशीचा झाला आणि हा त्याचा शेवटचा हंगाम. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॉन न्यूकम 0-6 (एकही विजय नाही, सहा पराभव) अशा अवस्थेत जूनमध्ये सिनसिनाटीला गेला. जॉनी पॉड्रेस 13-15, डॉन ड्रायस्डेल 12-13. या ड्रायस्डेलने पिचर असून 7 होमरन मारले, हेही विसरू नये. आणि 22 वर्षांचा सँडी कूफॅक्स: 11-11, 131 बळी स्ट्राइकआउटने (फलंदाजाला चेंडू मारू न देता), पण 105 वॉक (दिशा चुकल्याने फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस). वेग होता, दिशा यायची होती. घरच्या मैदानावर हा संघ 39-38 असा जेमतेम वरचढ राहिला आणि बाहेर 32-45. खरा घसरगुंडीचा भाग बाहेर होता. पाचव्या जागेवर बरोबरीत असलेले कब्स आणि कार्डिनल्स 72-82, म्हणजे सातव्या डॉजर्सपेक्षा फक्त एक विजय जास्त; तळाचे फिलीज 69-85. पाचव्यापासून आठव्यापर्यंत चार संघ तीन सामन्यांच्या अंतरात. "सातवा" या शब्दाने ही दाटी दिसत नाही.

प्रेक्षकांबद्दलही बोलायला हवं, कारण पायऱ्या रंगवायला घेतल्यात. ब्रुकलिनच्या शेवटच्या वर्षी, 1957 मध्ये, घरच्या मैदानावर 10,28,258 प्रेक्षक आले होते. 1958 मध्ये आले 18,45,556. सातव्या आलेल्या संघाला! पूर्वेकडच्या सर्वांत लांबच्या जागा होम प्लेटपासून 700 फुटांहून दूर होत्या. तिथून चेंडू दिसणं कठीण, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि समोर चाललेला सामना रेडिओ समालोचक व्हिन स्कलीच्या तोंडून ऐकायचे. हजारो ट्रान्झिस्टरमधून एकच आवाज उठून तो स्टेडियमभर घुमायचा. आपल्याकडे ज्यांनी कसोटीच्या दिवशी कानाला ट्रान्झिस्टर लावलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. 1:500 मध्ये ट्रान्झिस्टर दाखवता येत नाही. पायऱ्या पांढऱ्याकडे झुकणाऱ्या रंगात करतोय, कारण उन्हात पांढरे शर्ट घालून बसलेल्या गर्दीत उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकांना सापडत नसे.

त्याच वर्षी 3 जूनला शहरात मतदान झालं आणि शावेझ रॅव्हिन या टेकड्यांच्या भागातली जमीन नव्या स्टेडियमसाठी डॉजर्सला देण्याचा करार थोडक्या मतांनी टिकला. ज्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची घरं त्या टेकड्यांवर होती त्यांच्या उठवलं जाण्याची कहाणी या मैदानाच्या गोष्टीला जोडलेलीच आहे. ती वेगळ्या नोंदीत, सावकाश लिहीन. नवं स्टेडियम 1962 मध्ये उघडलं, तोवर चार हंगाम कोलिझियमच. दुसऱ्याच वर्षी, 1959 मध्ये, वॉली मून नावाचा डावखुरा आला, मुद्दाम उलट्या बाजूला, पडद्यावरून चेंडू उचलायला शिकला, आणि संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. मैदान तेच होतं.

या आठवड्यातलं शेवटचं काम बेसचं. बेस म्हणजे धावताना पाय लावायचे चौकोन. तेव्हा बेस 15 इंचांचा असायचा, म्हणजे माझ्या प्रमाणात पाऊण मिलिमीटर. कागद कापून जमेना. मग खसखस आठवली, पांढरी, जवळजवळ त्याच मापाची. पहिला आणि दुसरा बेस ओल्या ब्रशच्या टोकावर एकेक दाणा उचलून चिकटवले. तिसऱ्यासाठी भिंग लावून बसलो. 18 एप्रिल 1958, कोलिझियममधला पहिला सामना, 78,672 प्रेक्षक, समोर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. नवव्या इनिंगमध्ये विली कर्कलंडच्या लांब फटक्यावर जिम डेव्हनपोर्ट धावत घरी पोचला, पण वाटेत तिसऱ्या बेसला त्याचा पाय लागला नव्हता. बाद दिला. डॉजर्स 6-5 ने जिंकले. दाणा दोनदा बाजूला सरकला. तिसऱ्यांदा रेषेवर बरोबर बसला, आणि भाच्याला म्हटलं, आता फुंकर मारू नकोस, डिंक वाळू दे.