आयपीसपुढची रांग

आकाशदर्शनाला चांगली गच्ची कोणती, तर जिच्या दक्षिणेला नारळ नाही आणि शेजारचा दिवा सांगितल्यावर बंद होतो ती. अशा गच्चीवर 6 इंची दुर्बीण उभी राहिली की बेळगावात रांग लागायला वेळ लागत नाही. मागून कुणी ‘सरका की ओ’ म्हणतं, कुणी कानडीत ‘नोड्री’ (बघा). पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावर इथं एकमत व्हायचं नाही. पण गुरू, शनी, रोहिणी, मृग ही नावं दोन्हीकडची एकच, त्यामुळे रांगेत भांडण होतं ते फक्त वेळेवरून.

तेही रास्तच. 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला 10 मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, लावली की 120 पट मोठं दिसतं, आणि पृथ्वीचं फिरणंही तितकंच वेगानं जाणवतं. मोटर नसलेल्या, हातानं फिरवायच्या डॉब्सोनियन दुर्बिणीत शनी पावणेदोन मिनिटांत या कडेचा त्या कडेला जातो. म्हणून तिसरा माणूस हमखास म्हणतो, ‘काळोख आहे नुसता!’ ग्रह मधोमध न ठेवता ज्या कडेनं आत सरकतो त्या कडेला ठेवावा आणि मग पुढच्याला बोलवावं. नळीला हात लावू देऊ नये. लहान मुलं लावतातच.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि ही रांग मोडली. आयपीसचं रबरी कडं प्रत्येकाच्या भुवईला, गालाला टेकतं. सगळ्यांनी एकाच पेल्यातून पाणी पिण्यातला प्रकार. त्यावर सॅनिटायझर फवारणं मात्र चूक. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते काचेवर तेलकट बसतं. शिवाय थेंब थेट पडला तर कडेनं झिरपून दोन भिंगांच्या मध्ये जातो. कडं काढून साबणानं धुवावं. काचेवरची धूळ आधी ब्लोअरनं उडवावी, नाहीतर पुसताना तीच ओरखडे काढते. मग लेन्स-कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलकेच फिरवावं. मास्कची अडचण वेगळी: श्वास नाकाजवळून वर निघतो आणि गार आयपीसवर धुकं धरतं. ते पुसू नये, आपोआप जाऊ द्यावं. मास्कची तार नाकावर घट्ट दाबावी.

रांग गेली, गच्च्या राहिल्या. 10×50 ची (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री ज्याची त्याच्या गळ्यात आणि फोन कानाला. एप्रिलच्या सुरुवातीला शुक्राची चांदणी कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरली होती. नुसत्या डोळ्यांना शुक्राच्या झगमगाटात कृत्तिका दिसेनात, द्विनेत्रीत मात्र वेगळ्या निघाल्या. पण फोनवरून आकाश दाखवणं ही स्वतंत्र विद्या आहे. ‘टाकीच्या उजवीकडे’ म्हणून भागत नाही, समोरच्याची टाकी निराळी. तिथं मूठ कामाला येते. हात सरळ लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश झाकले जातात, मग मूठ लहान मुलाची असो की पैलवानाची, कारण लहान मुठीचा हातही आखूड असतो. बेळगावचा अक्षांश जवळपास 16 अंश, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून अक्षांशाइतकाच वर दिसतो, म्हणून तो उत्तरेला दीड मूठ वर. मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला पाठ फिरवली तर दक्षिणेलाही साधारण दीड मुठीवर त्रिशंकू हा तारकासमूह उभा. खानापूरकडे डोंगर आणि झाडी दोघांनाही गिळतात. अथणीच्या माळावर दोन्ही मोकळे.

जुलैत निओवाईज धूमकेतू आला तो ऐन पावसात, त्यावर न बोललेलं बरं. त्या महिन्यांत खरी काळजी बुरशीची. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत निळे सिलिका जेलचे दाणे. गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करायचे.

21 डिसेंबरला गुरू-शनी एकमेकांपासून 6 कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आले, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्यावर. 1623 नंतर इतके जवळ पहिल्यांदाच. आभाळ निवळ, वेळ मात्र थोडा: आठच्या सुमाराला दोघंही मावळतीला. फोनचा कॅमेरा आयपीसला लावला तर तो आपणहून उजेड वाढवतो आणि शनीचा नुसता गोळा होतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढावा, तेव्हा शनीचं कडं निराळं दिसतं. गुरूचे चंद्र हवे असतील तर पुन्हा वाढवून दुसरा फोटो. मग तो पडदा हातभर लांबून सगळ्यांना दाखवता येतो. त्यातला एक तरी विचारतोच, ‘हे नेटवरनं काढलंय की काय ओ?’