फायरवॉल लावली, डेटाबेस उघडाच

घरून काम करताना मी माझाच लॅपटॉप वापरतो, त्यावर उबुंटू आहे. परवा ऑफिसकडून मेल आला की ज्यांच्याकडे स्वतःचं लिनक्स मशीन आहे त्यांनी फायरवॉल (नेटवर्कवरून नको ते आत येऊ न देणारी चौकी) चालू करून संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉट पाठवा. मला इतकी वर्षं वाटायचं की लिनक्स आहे म्हणजे ती आपोआप चालूच असणार. कसलं काय! यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल उबुंटूमध्ये २००८ पासून येतेय, पण बंद अवस्थेत, चालू आपलं आपण करायचं.

केलं. 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल', एका ओळीचं काम. बाहेरून येणारं सगळं बंद, आतून जाणारं सगळं चालू, ही त्याची मूळची सेटिंग मला पुरेशी होती. स्टेटस ॲक्टिव्ह दिसलं, स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली टपरीवर चहा मारून आलो.

वर येतो तर टीममधल्या सीनियरचा मेसेज, "बाहेरून चेक केलंस का रे?"

मी लगेच एनमॅप टाकलं (मशीनचे कुठले पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, उघडे आहेत ते ते दाखवतं) आणि माझ्याच आयपी पत्त्यावर चालवलं. पोर्ट २२ (दुरून लॉगिन करायचा) उघडा, ८००० उघडा (कधीतरी फाइल शेअर करायला पायथनचा सर्व्हर चालू केला होता तो तसाच राहिलेला), ५४३२ पण उघडा. म्हणजे फायरवॉल लावून न लावल्यासारखीच. अर्धा तास नियम लावले काढले, रीस्टार्ट केलं, तरी तेच. शेवटी त्या सीनियरला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अरे तू स्वतःच्याच मशीनवरून स्वतःला बघतोयस, आयपी वायफायचा टाकलास तरी ते आतल्या आत लूपबॅकवरूनच, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या रस्त्यावरूनच जातं, आणि लूपबॅकला यूएफडब्ल्यू अडवत नाही. दुसऱ्या मशीनवरून बघ."

रूममेट झोपला होता, त्याला उठवून त्याचा लॅपटॉप घेतला, शिव्या खाल्ल्या. तिथून स्कॅन केलं. २२ फिल्टर्ड, म्हणजे फायरवॉलने अडवलेला, ८००० फिल्टर्ड, वा! आणि ५४३२ ओपन.

५४३२ म्हणजे पोस्टग्रेस हा डेटाबेस, माझ्याकडे तो डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालतो. म्हटलं ठीक आहे, यूएफडब्ल्यूला स्पष्ट सांगू की ५४३२ डिनाय, म्हणजे अडव. सांगितलं. परत स्कॅन, परत ओपन. रूममेटच्या लॅपटॉपवरून सरळ कनेक्टच करून बघितलं, पासवर्ड काय होता तर 'पोस्टग्रेस', एका झटक्यात आत. माझ्या पोटात गोळा आला. हाच लॅपटॉप घेऊन मी गेला महिनाभर कॅफेत बसून तिथल्या वायफायवर काम करत होतो. डेटा डमी होता हे नशीब.

मग आयपीटेबल्सचं (लिनक्समधलं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरचे डेटाचे तुकडे, अडवायचं-वळवायचं साधन) नॅट टेबल, म्हणजे पत्ते बदलायच्या नियमांची यादी, उघडून बघितली तेव्हा कुठे उजेड पडला. तिथे डॉकरने स्वतःची ओळ घातलेली, ५४३२ वर येईल ते १७२.१८.०.२ ला, म्हणजे कंटेनरच्या आतल्या पत्त्यावर पाठव. यूएफडब्ल्यू तरी काय, खाली ह्याच आयपीटेबल्समध्ये नियम लिहितं, पण माझा डिनाय बसतो 'इनपुट' साखळीत (साखळी म्हणजे ओळीने लागणारे नियम), म्हणजे जे पॅकेट ह्या मशीनसाठी आहे त्याच्यावर. डॉकर पॅकेट आल्या आल्याच त्याचा पत्ता बदलून टाकतो, मग ते मशीनचं राहतच नाही, कंटेनरकडे जाणारं होतं आणि 'फॉरवर्ड' साखळीतून निघून जातं. तिथे डॉकरचे नियम आधी लागतात. मी पुढच्या दाराला कुलूप लावून बसलो होतो आणि पाव्हणे परसातून ये-जा करत होते. आणि यूएफडब्ल्यूचं स्टेटस हे काहीच दाखवत नाही, त्याच्या लेखी सगळं डिनाय! ह्याचाच मला जास्त राग आला.

उपाय मात्र किरकोळ निघाला. डॉकर कंपोजच्या फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते तिच्यात लिहितात) '५४३२:५४३२' लिहिलं होतं, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर उघड. त्याच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे फक्त हेच मशीन, असं लावलं, कंटेनर परत उभा केला. रूममेटला परत उठवलं (ह्या वेळच्या शिव्या लिहीत नाही), स्कॅन, फिल्टर्ड. पायथनचा तो सर्व्हर पण मारून टाकला. सीनियरला एनमॅपचा स्क्रीनशॉट पाठवला, तिचा नुसता अंगठा आला.

हे सगळं होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. फोन सायलेंटवर असतो माझा, कॉल आला की केडीई कनेक्टमुळे (फोन आणि लॅपटॉप वायफायवरून जोडणारं ॲप) लॅपटॉपवर दिसतो. त्या दिवशी काहीच दिसलं नाही म्हणून सहज फोन उचलला तर आईचे चार मिस्ड कॉल. चहाला गेलो तेव्हा फोन वायफायमधून बाहेर गेला आणि परत आल्यावर लॅपटॉप त्याला सापडलाच नाही, कारण केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ पोर्ट लागतात, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि ते मीच सकाळी बंद केलेले. ते फक्त घरच्या नेटवर्कपुरते उघडले आणि आईला फोन लावला. तिला गॅसवाल्याला द्यायला ओटीपी हवा होता, माझ्या नंबरवर येतो ना तो. गॅसवाला सिलेंडर घेऊन केव्हाच परत गेला होता.