पोर्टफोलिओत काय टाकावं

शनिवार, रात्री उशिरा

आज अखेर पोर्टफोलिओ लिहायला बसलो. बंगळुरूच्या एका स्टुडिओने मागितलाय. गावातून काम केलं तरी चालेल म्हणाले, म्हणून एवढी खटपट. दुपारी लाईन गेली ती दिवेलागणीला आली, तोवर वहीतच यादी करत होतो. यादी झाली, आणि मग लक्षात आलं की यातलं निम्मं मला कोणाला दाखवताच येणार नाही.

मी लेव्हल डिझायनर आहे म्हणजे नेमकं काय करतो, हे गावात समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला. बाबा लोकांना सांगतात, "पोरगा कंप्युटरवर नकाशे काढते." त्यामुळे अधूनमधून कोणी ना कोणी धुऱ्याचं भांडण घेऊन ओट्यावर येऊन बसतं. मागे एक काका मोजणीची 'क' प्रतच घेऊन आले होते. त्यांना चहा पाजून भूमी अभिलेख कार्यालयाचा रस्ता दाखवला. पोरांना सांगणं सोपं आहे. त्यांना पबजीतलं पोचिंकी पाठ आहे. त्या गावात घरं कुठं, खिडक्या कोणत्या अंगाला, लपायला आडोसा किती, उघड्यावरून किती पळावं लागेल, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. तो माणूस मी, एवढं सांगितलं की पुरतं. फक्त पोचिंकी मी केलेलं नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा पडतो.

सगळ्यात जुनं काम जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा खेळातला नकाशा. अमरावतीला कॉलेजात असताना सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ चालायचा, आणि सगळे त्यातला 'डस्ट २' हा नकाशाच खेळायचे. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या पोराने 'डस्ट' १९९९ मध्ये केला आणि 'डस्ट २' २००१ मध्ये. तो कुठल्या कंपनीत नोकरीला नव्हता, आमच्यासारखाच शिकणारा होता. हे वाचलं आणि मी हॅमर एडिटर, म्हणजे त्या खेळाचे नकाशे करायचा प्रोग्रॅम, उतरवून घेतला. डोळ्यासमोर परतवाड्याकडची एक जिनिंग होती. कापसाच्या गंज्या, प्रेसचं शेड, आवारात रचलेल्या गाठी. इंग्रजी खेळांत आडोशाला लाकडी खोके असतात, आमच्याकडे गाठी होत्या. दोन गाठी एकावर एक ठेवल्या की मागचा माणूस दिसत नाही, एक ठेवली की डोकं दिसतं. मला वाटतं हा धंदा मला तिथंच कळला.

त्या काळी नकाशा चालवून बघायला चार प्रोग्रॅम ओळीने चालवावे लागत, आणि शेवटचा, उजेडाचा, रात्रभर खायचा. नकाशाला कुठे भोक राहिलं, म्हणजे आतली जागा बाहेरच्या पोकळीशी जोडली गेली, की कुठून काय दिसतं याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम चालायचाच नाही. मग एक लाल रेघ काढून घ्यायची. ती आतून निघून भोकातून बाहेर जायची. माझी रेघ शेडच्या पत्र्यातून निघाली होती. खरी जिनिंगही तिथंच गळायची.

मग पुण्यात नोकरी. मोबाइलवरचा, तीन रंग जुळवायचा खेळ. तिथे लेव्हल डिझाइन म्हणजे अर्धं एक्सेल. कोणत्या लेव्हलला चाली किती द्यायच्या, पहिल्या फटक्यात किती लोक जिंकतात, कुठल्या लेव्हलला वैतागून खेळ काढून टाकतात. लोक या कामाला नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. माणूस हरल्यावर "अरे, एकच चाल कमी पडली" म्हणतो की "हे शक्यच नव्हतं" म्हणतो, यातला फरक मला त्या आकड्यांनी शिकवला. पहिला माणूस पुन्हा खेळतो, दुसरा परत येत नाही. पुढे कंपनीने तो खेळ बंद केला, सर्व्हर गेले. आता तो खेळ फोनवर उघडतच नाही. शेकड्याने केलेल्या लेव्हली, आणि दाखवायला मोजके स्क्रीनशॉट. त्यातही रंगीत खडेच दिसतात.

नंतरचं मोठं काम एका परदेशी कन्सोल खेळाचं, कंत्राटावर. तो प्रकल्प मधेच रद्द झाला. करार असा की नावही घ्यायचं नाही.

म्हणजे हिशेब असा. पगार घेऊन केलेलं एक बंद पडलं, दुसरं कुलपात गेलं. आणि कोणी न सांगता, फुकट, कॅफेच्या पोरांसाठी केलेली जिनिंग अजूनही उघडते. आज उघडून पाहिली. गाठींचा पोत भयानक आहे, पण चालते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. पोर्टफोलिओ म्हटलं की लोक चित्रं मागतात, आणि चित्रात माझं काम दिसत नाही. भिंतीवरचं शेवाळ, सांजेचा उजेड, धूर, हे आर्टिस्टचं. माझं काम त्याच्या आधी, करड्या ठोकळ्यांच्या कच्च्या आराखड्यात होऊन गेलेलं असतं. खेळाडू कुठे थांबला, कुठे वळला, काय बघून वळला, हे माझं. ते जमलं तर खेळाडूला वाटतं, वाट मीच शोधली. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं ते कोणाच्या ध्यानात येत नाही. मग फोटो कशाचा काढणार?

म्हणून ठरवलं, गाविलगडावर भर द्यायचा.

हा आमचा स्वतःचा खेळ, तीन-चार मित्रांचा, फारसा खपला नाही. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड लहानपणापासून पाहिलेला. १५ डिसेंबर १८०३ ला तो इंग्रजांच्या हाती पडला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तोफांनी उत्तरेकडून बाहेरच्या किल्ल्याचा तट फोडला, पण त्याच्या आत आणखी एक किल्ला आहे आणि मधे दरी. आतल्या तटाला भगदाड नव्हतंच. दरवाजाशी सगळे अडले, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल ९४व्या पलटणीची माणसं घेऊन दरीत उतरला, शिड्या लावून पलीकडच्या तटावर चढला आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढाईत पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांशी देवगावचा तह झाला. लेव्हल डिझायनरला याहून चांगला आराखडा कोण देणार? सरळ वाट बंद, आणि खरी वाट सगळ्यांच्या डोळ्यासमोर, पण पायाखाली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने खेळ लावायला मात्र मन घेईना. म्हणून खेळाडू किल्ल्यातला जासूद केला. त्याला आतून बाहेर पडून अचलपूर गाठायचंय. आत शिरायची वाट तीच बाहेर पडायची.

ठोकळ्यांत लेव्हल उभी केली आणि दिवाळीत आलेल्या भाच्याला खेळायला बसवलं. अशा चाचणीत डिझायनरने तोंड उघडायचं नसतं, कारण खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी आपण सांगायला जाणार नसतो. भाचा थेट दरवाजाकडे पळाला. मेला. पुन्हा पळाला. "मामा, दुसरीकून वाटच नाही राहिली!" मी गप्प. मागून बाबांना राहवेना. "अरे सांग ना त्या पोराले, कायले जीव घेतं त्याचा!" ती चाचणी तिथंच बाद.

गल्लीतल्या बाकीच्या पोरांनीही दरवाजाच धरला. दार दिसलं की माणूस दाराकडेच जातो. आधी मी दरवाजासमोर जास्त शिपाई उभे केले. त्याने उलटंच झालं. जिथे मारामारी तिथे वाट, असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग शिपाई काढून दरवाजासमोर मलबा टाकला, माणसं चेंगरलेली, नुसता गोंगाट. आणि तिथे जायची वाट तटाच्या कडेने अशी वळवली की वळणावर कॅमेरा आपोआप दरीकडे झुकतो. खाली पाण्याची चमक, आणि शेळ्यांच्या पायवाटेवरून उतरणारी एक बाई. माणूस हलणाऱ्या गोष्टीकडे बघतो. पाटी नाही, बाण नाही, आणि पोरं उतरायला लागली.

एक भानगड मोजमापाची. गडावर जाऊन पायऱ्या टेपने मोजल्या होत्या, काही गुडघ्याएवढ्या उंच. आम्ही खेळ ज्यात बांधला त्या अनरील इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, आणि बदल न करता पात्र ४५ सेंटिमीटरपर्यंतचीच पायरी न उडता चढतं. खऱ्या पायऱ्या ठेवल्या तर खेळाडू पावलोपावली अडतो. म्हणून पायऱ्या बुटक्या केल्या आणि तट खऱ्यापेक्षा उंच केला. किल्ला पाहिलेल्या कोणालाही हे खटकलं नाही.

सुरुवातीचं अंगण सगळ्यात शेवटी केलं. 'डूम' हा गोळीबाराचा खेळ करणाऱ्यांपैकी जॉन रोमेरोनेही त्याच्या पहिल्या भागातली पहिली लेव्हल सगळ्यात शेवटी केली होती, १९९३ साली. पूर्ण खेळ हातात आल्याशिवाय पहिल्या मिनिटात काय शिकवायचं ते कळत नाही, हे पटतं.

तर असं ठरलं. गाविलगडाचे सुंदर फोटो नाहीत. वरून काढलेला करडा नकाशा, त्यावर पोरांच्या वाटांच्या रेघा, आधीच्या आणि नंतरच्या. शिपायांचा फसलेला प्रयोगही त्यातच. जिनिंग शेवटी, फाइलसकट, उघडून बघा म्हणून. रंगीत खड्यांसाठी दोन ओळी आणि एक आलेख.

रद्द प्रकल्पापुढे 'करारामुळे तपशील देता येत नाही' एवढंच लिहिलंय. त्यात एक खोली होती, तिच्या खिडकीतून पुढे जायचा बुरूज दिसायला हवा होता, आणि कोणीच खिडकीकडे बघत नव्हतं. शेवटी खिडकी तशीच ठेवून दार हलवलं. मुलाखतीत विचारलं तर त्या दाराबद्दल सांगेन. खेळाचं नाव न घेता तेवढं सांगता येतं.