मिलवॉकीपासून नव्वद मैल

6 नोव्हेंबर 2023, सोमवार

मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाचा मॅनेजर, म्हणजे सामन्यात संघ चालवणारा, क्रेग काउन्सेल आता शिकागो कब्सचा मॅनेजर झाला. पाच वर्षांचा करार, एकूण 4 कोटी डॉलर. बेसबॉलमध्ये मॅनेजरला एवढी रक्कम आजवर कुणी दिलेली नाही. सगळे म्हणत होते की तो एक तर मिलवॉकीलाच राहील, नाहीतर न्यूयॉर्क मेट्सकडे जाईल, कारण त्याचा जुना वरिष्ठ डेव्हिड स्टर्न्स आता तिथे आहे. मेट्सनी आजच कार्लोस मेंडोझाला मॅनेजर म्हणून घेतलं. कब्सचं नाव चर्चेत नव्हतंच, कारण त्यांची खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर डेव्हिड रॉस बसलेला होता.

शिकागोतले फॅन आज दोन मनांचे आहेत. रॉस म्हणजे 2016 च्या विजेत्या संघाचा कॅचर, क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा. अंतिम मालिकेच्या शेवटच्या, सातव्या सामन्यात वयाच्या 39 व्या वर्षी त्याने होमरन, म्हणजे षटकारासारखा फटका, मारला होता. त्याला असं काढावं याचं वाईट वाटतंय, आणि काउन्सेल मिळाला याचा आनंद लपवताही येत नाही. मिलवॉकीत मात्र दोन मनं नाहीत. तिथे एकच शब्द आहे: फितूर.

तो राग समजून घ्यायला हवा. काउन्सेल मिलवॉकीच्या शेजारच्या व्हाइटफिश बे गावात वाढला. त्याचे वडील ब्रूअर्सच्या कचेरीत कामाला होते. मे 2015 पासून तो या संघाचा मॅनेजर होता; 707 विजय, 625 पराभव, आणि गेल्या सहा हंगामांत पाच वेळा प्लेऑफ. एवढ्या लहान शहरातल्या, कमी पैशाच्या संघासाठी ही कामगिरी फार मोठी आहे. आणि तो गेला कुठे, तर नव्वद मैलांवर, त्याच गटातल्या कट्टर वैऱ्याकडे. व्हाइटफिश बेमध्ये लहान मुलांच्या मैदानाला त्याचं नाव आहे. त्या पाटीवर कुणीतरी रंगाने शिवी लिहिली. मुलांच्या मैदानावर तरी हे व्हायला नको होतं.

8 नोव्हेंबर 2023

कब्सचा प्रमुख जेड हॉयर याने हे का केलं, याचं उत्तर एका साध्या गणितात आहे. फॅननी ते स्वतः करून पाहावं. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा. दिलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं आणि 162 ने, म्हणजे हंगामातल्या सामन्यांच्या संख्येने, गुणायचं. एवढ्या धावा करणाऱ्या आणि देणाऱ्या संघाने साधारण किती सामने जिंकायला हवेत, ते मिळतं.

2023 मध्ये कब्सनी 819 धावा केल्या, 723 दिल्या. उत्तर येतं 91. प्रत्यक्षात जिंकले 83. आठ विजय कुठेतरी सांडले. प्लेऑफ हुकलं एका विजयाने: 84 विजयांवर ॲरिझोना आत गेली आणि थेट वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत पोचली.

हे आठ विजय रॉसच्या खात्यावर टाकणं सोपं आहे, पण निम्मंच खरं. हे सूत्र मॅनेजर मोजत नाही. 12-1 ने जिंकणं आणि 3-2 ने हरणं यांतला नशिबाचा वाटाही त्यात मिसळलेला असतो. सप्टेंबरमध्ये कब्सनी शेवटच्या 22 पैकी 15 सामने गमावले, तेव्हा ॲडबर्ट अल्झोलाय आणि मायकल फुल्मर हे भरवशाचे रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्ये चेंडू टाकायला येणारे पिचर, दुखापतीने बाहेर होते. जे उरले त्यांच्यावर रोजचा भार पडला. अटलांटात 6-0 अशी आघाडी घेऊन सामना 7-6 ने गेला. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये सेया सुझुकीच्या हातून सोपा झेल सुटला आणि दोन धावा आल्या. त्या झेलाला मॅनेजर काय करणार?

तरीही वर्षाला 80 लाख डॉलर हा महागडा सौदा नाही. खुल्या बाजारात खेळाडू घेताना एका जादा विजयाला साधारण तेवढेच मोजावे लागतात. शिवाय खेळाडूंच्या पगाराची बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली, 2024 साठी ती 23.7 कोटी डॉलर आहे, की संघाला दंडाचा कर भरावा लागतो. मॅनेजरचा पगार त्या बेरजेत धरत नाहीत. श्रीमंत संघाला कराविना पैसा ओतायला मिळणाऱ्या थोड्या जागांपैकी ही एक आहे. हॉयरने ती ओळखली.

18 नोव्हेंबर 2023

ब्रूअर्सनी पॅट मर्फीला नेमलं. वय 64. काउन्सेल नॉटर डेम विद्यापीठात खेळायचा तेव्हा मर्फी तिथला कोच होता, आणि 2016 पासून मिलवॉकीत त्याचा बेंच कोच, म्हणजे मुख्य मदतनीस. म्हणजे गुरू शिष्याच्या हाताखाली काम करत होता आणि आता शिष्याच्या जागी बसला. मिलवॉकीतली प्रतिक्रिया थंड आहे: घरातलाच माणूस घेतला, स्वस्तात भागवलं. मला ही नेमणूक चांगली वाटते. काउन्सेलच्या संघात पिचर कसे वापरले जात, याची रोजची चर्चा ज्या दोन माणसांत व्हायची त्यांतला एक अजून तिथेच आहे.

नव्या मॅनेजरबद्दल बोलताना फॅन बॅटिंग ऑर्डरवर फार भांडतात. तिचा परिणाम वाटतो त्याहून लहान असतो. क्रमात एक जागा खाली आलं की पूर्ण हंगामात खेळाडूच्या साधारण 15 ते 20 पाळ्या कमी होतात. सर्वांत चांगला फलंदाज दुसऱ्या क्रमांकावर असो की चौथ्या, वर्षाअखेर फरक थोड्याच धावांचा पडेल, आणि दहा धावा म्हणजे साधारण एक विजय.

मॅनेजरचं खरं काम बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हर जिथे तयार बसतात तिथे, दिसतं. क्रिकेट पाहणाऱ्याला हे थोडं समजावून सांगायला हवं. क्रिकेटचा कप्तान बोलरचा हात थांबवतो आणि चार षटकांनी त्यालाच परत आणतो. इथे एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. संघात 26 खेळाडू, त्यांत पिचर जास्तीत जास्त 13. सामना सुरू करणारे पाच धरले तर उरतात आठ. 2020 पासून नियम असा की आत आलेल्या पिचरने निदान तीन फलंदाजांना टाकायचं किंवा इनिंग संपवायची. त्यामुळे एका डावखुऱ्यापुरता पिचर आणायची जुनी सोय गेली. आता पुढचे तीन फलंदाज कोण आहेत ते आधीच पाहावं लागतं. आणि 162 सामने जेमतेम सहा महिन्यांत.

यासाठी एक वही ठेवावी. आठवड्याला एक पान, रिलीव्हरचे आठ आडवे रकाने, दिवसांचे सात उभे. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी: किती चेंडू, कोणती इनिंग, आत आला तेव्हा धावसंख्या काय होती. 25 च्या वर चेंडू गेले तर आकड्याला गोल. सलग दोन दिवस टाकले तर तिसऱ्या दिवसाच्या चौकोनावर फुली, म्हणजे आज तो नाही असं धरून चालायचं. बुलपेनमध्ये हात गरम केला पण आत बोलावलंच नाही, त्याचीही खूण करा. तो भार आकडेवारीत कुठे येत नाही, पण खांद्याला तो कळतो. महिन्याभरात चित्र दिसू लागतं. एकदोघांच्याच रकान्यांत गोलांची गर्दी आणि बाकीचे कोरे असतील, तर जुलैअखेर काहीतरी तुटणार.

आणि धावसंख्येचा आकडा फार महत्त्वाचा. नवव्या इनिंगमध्ये तीन धावांची आघाडी सांभाळणं सोपं असतं. सातव्या इनिंगमध्ये बरोबरी, दोन गडी बेसवर, एकच बाद, हे अवघड. चांगला मॅनेजर सर्वांत चांगला हात अवघड जागी वापरतो. 2018 मध्ये काउन्सेलने जॉश हेडरला असंच वापरलं: 55 सामन्यांत 81 च्या वर इनिंग, 143 स्ट्राइकआउट, म्हणजे थेट पिचरने बाद केलेले फलंदाज. एकदा आणला की दोन-दोन इनिंग, मग विश्रांती. ब्रूअर्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या, लीगच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत गेले.

27 मे 2024

आज काउन्सेल कब्सचा गणवेश घालून मिलवॉकीत आला. मैदानाने त्याची हुर्यो उडवली, प्रत्येक वेळी तो डगआउटबाहेर आला की पुन्हा. ब्रूअर्सनीच सामना जिंकला.

वानखेडेवर 1 एप्रिलला हार्दिक पंड्याचं जे झालं ते मराठी वाचकाला आठवत असेल. रोहितच्या जागी कप्तान, आणि घरचंच मैदान अंगावर. तिथे राग नव्याने येणाऱ्यावर होता, मिलवॉकीत सोडून जाणाऱ्यावर आहे. दोन्हीकडे निर्णय वरच्या मजल्यावर झाला आणि शिव्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने ऐकल्या. मिलवॉकीच्या रागात मला माया दिसते. परक्याची इतकी हुर्यो कुणी उडवत नाही.

30 सप्टेंबर 2024

हंगाम संपला. कब्स: 83 विजय, 79 पराभव. गेल्या वर्षी रॉसच्या हाताखालीही नेमके हेच आकडे होते. शिकागोत आज त्यावरच बोलणं चाललंय, आणि विचारणाऱ्यांचं चुकत नाही.

सूत्र पुन्हा लावलं. 736 धावा केल्या, 669 दिल्या. उत्तर जवळपास 89. म्हणजे काउन्सेलचेही पाच-सहा विजय सांडले. वहीत कारण दिसतं. अल्झोलाय एप्रिल-मेमध्येच घसरला आणि मग दुखापतीने गेला. हेक्टर नेरिसला शेवटची इनिंग दिली, ऑगस्टमध्ये त्याला सोडून द्यावं लागलं. पोर्टर हॉज हा नवखा पुढे आला तेव्हा बराच उशीर झाला होता. आठ रकान्यांत भरवशाचे तीन हात नसतील तर त्यांना कोणत्या क्रमाने आणायचं हे कौशल्य वापरणार कुठे? हॉयरने मॅनेजरवर विक्रमी पैसा टाकला आणि बुलपेन किरकोळीत उभं केलं. माझा राग त्या निर्णयावर आहे.

मिलवॉकीत मर्फीने 93 सामने जिंकले आणि गट जिंकला. तेही फेब्रुवारीत कॉर्बिन बर्न्ससारखा पहिला पिचर बाल्टिमोरला दिल्यावर. काउन्सेल गेल्यावर संघ कोसळेल म्हणणारे चुकले. मोठा वाटा त्या कचेरीचा होता, जी दरवर्षी कुणाला नको असलेले हात शोधून आणते.

12 ऑक्टोबर 2025, रविवार

काल रात्री प्लेऑफमधल्या मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना झाला. कब्स आणि ब्रूअर्स प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच समोरासमोर आले. कब्सचे यंदा 92 विजय, ब्रूअर्सचे 97, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. पहिले चारही सामने यजमानांनी जिंकले होते. पाचवाही तसाच गेला: मिलवॉकी 3, शिकागो 1.

गुरू-शिष्य दोघांनीही नेहमीचा सुरुवातीचा पिचर बाजूला ठेवला आणि रिलीव्हरने सुरुवात केली. मर्फीने ट्रेव्हर मेगिलला एक इनिंग दिली, मग जेकब मिझरॉस्कीकडून चार काढल्या. त्याला सुझुकीने एक होमरन मारला, तेवढीच शिकागोची धाव. काउन्सेलने ड्रू पोमेरान्झने सुरुवात केली. पहिल्याच इनिंगमध्ये विल्यम कॉन्ट्रेरासने होमरन मारला. मग कॉलिन रे, त्याला अँड्र्यू व्हॉनने. सातव्यात अँड्र्यू किट्रेज, त्याला ब्राइस टुरांगने. तिन्ही होमरन एकेका धावेचे.

शिकागोत आज सकाळपासून पोमेरान्झने सुरुवात का, यावर भांडण आहे. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. एका पिचरने एकाच फलंदाजाला तिसऱ्यांदा टाकायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू असतो. तोवर फलंदाजाने त्याचे चेंडू ओळखलेले असतात. कब्स हरले ते नंतरच्या सात इनिंगमध्ये दुसरी धाव न काढता आल्यामुळे. पण किट्रेजची सातवी इनिंग पुन्हा पाहायला हवी. एका धावेचा फरक, समोर टुरांग डावखुरा, किट्रेज उजव्या हाताचा. तीन फलंदाजांचा नियम धरून त्या क्षणी बुलपेनमध्ये कोणता डावा हात शिल्लक होता, वहीच्या त्या पानावर कुणाच्या चौकोनात फुली होती, ते आज तपासायचं आहे. शेवटच्या दोन इनिंग ॲबनर उरिबेने टाकल्या.