कळलावीची प्लेट

श्रावण, रविवार रात्र

आजचा दिवस मुळशीच्या रस्त्याला, एका शेताच्या कुंपणाशी, कळलावीचा वेल काढण्यात गेला. घरून निघताना लख्ख ऊन होतं, पौडच्या पुढे पावसाने गाठलं.

या दिवसांत जलरंग म्हणजे कागदाची मनधरणी. पहिला हात वाळत नाही, आणि ओल्यावरच दुसरा दिला की कडा फुटून पिवळ्यात हिरवं घुसतं. म्हणून जागेवर फक्त पेन्सिल, आणि समासात रंगांचे ठिपके. बाकी काम घरी, पंख्याखाली.

कळलावीच्या फुलाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पान मात्र कुणी बघत नाही. त्याचं टोक निमुळतं होत होत दोऱ्याएवढं उरतं आणि तेच गुंडाळून आधार धरतं. वेलीला वेगळे ताणे नाहीतच. आज एका पानाने घाणेरीच्या काटकीला दोन वेढे घातलेले दिसले, तेवढ्याच तुकड्यावर मी अर्धी सकाळ घालवली. फुलात खरी परीक्षा कुक्षीवृंताची, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांड्याची. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, सहा पुंकेसर बाहेर पसरलेले, आणि हा बुडापासूनच जवळजवळ काटकोनात एका बाजूला निघतो. तो कोन हुकला, तर चित्र कितीही देखणं असलं तरी अभ्यासकाच्या कामाचं नाही.

रंगाची तर आणखी गंमत. फूल उमलतं ते हिरवट पिवळं, मग टोकांकडून तांबडं चढत जातं आणि शेवटी सगळंच लाल. एकाच वेलीवर खाली म्हातारी लाल फुलं, वर पिवळी, शेंड्याला हिरव्या कळ्या. फोटोत यातला एक क्षण येतो. प्लेटवर, म्हणजे झाडाच्या अभ्यासचित्राच्या कागदावर, मला सगळी वयं शेजारी शेजारी मांडता येतात. ही मुभा आहे म्हणूनच हे काम सोडवत नाही.

कळ्या काढताना दापोडीचा तो चित्रकार आठवला. तिथल्या सरकारी बागेचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात त्याच्याकडून झाडांची चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच त्याच्याविषयी सांगतात, नावाचा पत्ता नाही. साहेबाचं नाव राहिलं, हाताचं गेलं. मी सही चांगली ठळक करते, कुणाला खटकली तर खटकू दे.

दुपारी शेताच्या मालकीणबाई आल्या. “ताई, काय लिहिताय?”

“लिहीत नाही मावशी, हा वेल काढतेय.”

“विखारी असतो तो. हात धुवा बरं जेवायच्या आधी.” कंद कुणी खाल्ला तर काय होतं, तेही त्यांनी रंगवून सांगितलं. डबा उघडण्याआधी मी दोनदा हात धुतले.

प्लेटचा डावा कोपरा कोरा ठेवलाय. पाऊस सरला की बोंडं उकलून आतल्या लाल बिया दिसतील, त्या तिथे येतील. तोवर कुंपण छाटू नका, असं मावशींना सांगून आले. “मालकांना विचारते,” म्हणाल्या, “पण त्यांचा कोयता कुणाला विचारत नाही.”