९७ आणि २९ : एडमंटनमधली लांबलेली संध्याकाळ

विमानतळावर भाचीने मिठी मारली आणि घरच्यांची खुशाली विचारायच्या आधीच म्हणाली, "मामा, परवा फायनल सुरू होतेय. तुझी झोप उद्यापर्यंत जागेवर आण."

२ जून २०२५. एडमंटन, अल्बर्टा. मी गेलो होतो भाचीचं नवं घर बघायला, जमलं तर रॉकी पर्वत बघायला. पर्वत राहिले. शहर नारिंगी-निळं झालं होतं. बसच्या कपाळावर सुद्धा 'गो ऑइलर्स गो'! उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, मोठा चषक तो स्टॅनले कप. त्याच्या अंतिम मालिकेत एडमंटन ऑइलर्स विरुद्ध फ्लोरिडा पँथर्स, सलग दुसऱ्या वर्षी. आदल्या वर्षी पहिले तीन सामने हरून ऑइलर्सनी पुढचे तीन जिंकले आणि सातवा २-१ असा गमावला. जखम ताजी होती, आणि भाचीला ती दर तासाला कुणाला तरी दाखवायची असायची.

मी खडकीचा. म्हणजे हॉकीच्याच गावचा, फक्त आमची हॉकी मातीतली. धनराज पिल्ले ज्या वस्तीतून मोडक्या स्टिकने खेळत वर आला, तिथलाच मी. त्यामुळे "मामाला हॉकी कळते" असं भाचीने शेजारी आधीच पसरवून ठेवलं होतं. पहिला सामना घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा मला पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली ती छोटी चकती, दिसलाच नाही. दहा मिनिटं मी नुसता कॅमेरा वळेल तिकडे मान वळवत होतो. पकाकडे बघायचं सोडलं आणि माणसांकडे बघायला लागलो, तेव्हा खेळ कळू लागला.

माणसांचा हिशेब असा. बर्फावर एका बाजूचे सहा, त्यातला एक गोली, म्हणजे गोलरक्षक. उरलेल्या पाचांत तीन पुढचे, दोन बचावातले. पुढच्या तिघांच्या टोळीला लाइन म्हणायचं. प्रत्येक संघाकडे अशा चार लाइन्स आणि बचावाच्या तीन जोड्या. एक लाइन बर्फावर जेमतेम पाऊण मिनिट टिकते, कारण त्या वेगाने त्याहून जास्त कुणी पळूच शकत नाही. मग खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून पुढचे तिघे आत. लग्नातल्या पंगतीसारखं, पण पहिली पंगत उठायच्या आतच दुसरी जेवायला लागलेली. त्यामुळे कोण कुणाशेजारी बसतो यावर सगळं जेवण अवलंबून. आणि या शहरात त्यावरून भाऊ-भाऊ बोलायचे थांबतात.

वादाचं मूळ दोन नंबरांत आहे. ९७, कॉनर मॅकडेव्हिड. २९, लिऑन ड्रायझाइटल, जर्मनीतल्या कोलोनचा. जगातल्या पहिल्या पाचांत कुणीही धरेल असे दोन खेळाडू एकाच संघात. त्यांना एका लाइनवर ठेवायचं की दोन वेगळ्या लाइन्सवर? भाची 'एकत्र' पक्षाची. आमचे जावई पडले नागपूरचे, मितभाषी. ते म्हणतात, "आधी गोलीचं बोला." शेजारचे पाजी, शहराच्या मिल वूड्स भागात गेली तीस वर्षं राहणारे, कट्टर 'वेगळे' पक्षाचे.

पाजींबद्दल थोडं सांगायलाच हवं. हा खेळ ते पंजाबीतून शिकले. 'हॉकी नाइट इन कॅनडा' या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन २००८ पासून आहे, आणि त्यातला सगळ्यात ओळखीचा आवाज हरनारायण सिंग यांचा, याच अल्बर्टातल्या ब्रुक्स गावचे. २०१६ च्या फायनलमध्ये पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केल्यावर त्यांनी "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" असा जो धोशा लावला, तो पाजी अजून करून दाखवतात, पगडी सावरत. मराठीत असं समालोचन कधी ऐकायला मिळेल या विचाराने माझ्या पोटात जरा कालवलं, हे मान्य करतो.

पहिला सामना ऑइलर्सनी ओव्हरटाइममध्ये ४-३ जिंकला. ओव्हरटाइमची वीस मिनिटं संपायला एकतीस सेकंद असताना ड्रायझाइटलचा गोल. त्या रात्री कुणीच लाइन्सवर बोललं नाही. जिंकलेल्या जेवणात मीठ कमी होतं की जास्त, कोण बघतो?

दुसरा सामना शुक्रवारी, ६ जूनला. तिकिटाचा आकडा ऐकून मी रुपयांत गुणाकार करायचा सोडून दिला. ठरलं असं की रॉजर्स प्लेस या ऑइलर्सच्या स्टेडियमच्या बाहेर मोठ्या पडद्यावर बघायचं. त्या जागेला मॉस पिट म्हणतात. डाउन सिंड्रोम असलेले जोई मॉस कित्येक वर्षं ऑइलर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये काम करायचे, राष्ट्रगीत पूर्ण ताकदीने गायचे. २०२० मध्ये ते गेले. गर्दीच्या जागेला मालकाचं नाव न देता टॉवेल-पाण्याच्या डब्यांची व्यवस्था बघणाऱ्या माणसाचं नाव, हे मला आवडलं. जवळच ऑइलर्सचा जुना महान खेळाडू वेन ग्रेट्स्की याचा पुतळा, कप डोक्यावर उचललेला. १९८४ ते १९९० मध्ये पाच कप जिंकलेल्या या शहराने १९८८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्स्कीला लॉस एंजलिसला जाताना पाहिलं. पुतळ्याच्या पायाशी एक आजोबा उभे होते, त्यांच्या जर्सीवर ९९, ग्रेट्स्कीचा नंबर. त्यांनी मला हात मिळवला, कारण मीही नारिंगी घातलं होतं. (भाचीची जुनी जर्सी. पोटावर ताणलेली.)

खायला ग्रीन अनियन केक. नावात केक आहे, प्रत्यक्षात कांद्याच्या पातीचा पदरदार पराठा. या शहराने तो अगदी आपला मानलाय. सोबत तिखट चटणी. आमच्या हिने तो चाखला असता तर "कणीक नीट मळलेली नाही" म्हणाली असती, पण मी दोन खाल्ले.

सामना सहाला सुरू झाला. दोनच मिनिटं झाली आणि फ्लोरिडाच्या सॅम बेनेटचा गोल. मग ऑइलर्सचे एव्हँडर केन आणि एव्हन बुशार, २-१. फ्लोरिडाच्या सेथ जोन्सने बरोबरी केली. आणि मग ते दृश्य: पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक माणूस शिक्षा भोगत बाहेर. मॅकडेव्हिडने फ्लोरिडाच्या बार्कोव्ह आणि एकब्लाड या दोघांना जागच्या जागी असं वळवलं की ते दोघं वाट चुकलेल्या पाहुण्यांसारखे दिसले, आणि पक ड्रायझाइटलकडे. ३-२. भाचीने माझा खांदा धरून गदागदा हलवला. "बघितलंस? एकत्र असले की काय होतं!"

पाजी शांतपणे, "पुत्तर, ये पॉवर प्ले है. उनके चार, अपने पाँच."

दुसऱ्या सत्रात कुलिकोव्हने ३-३ केलं. नंतर पुन्हा ऑइलर्सचाच पॉवर प्ले असताना फ्लोरिडाचा ब्रॅड मार्शंड एकटा निसटला आणि गोल करून आला. आपला माणूस जास्त असताना गोल खाणं म्हणजे घरच्या लग्नात उपाशी राहणं. सदतीस वर्षांचा हा मार्शंड, समोरच्यांच्या नाकी नऊ आणणारा खेळाडू. त्याला इथे जेवढ्या शिव्या ऐकल्या तेवढ्या मी खडकी बाजारात रिक्षावाल्यालाही ऐकल्या नाहीत.

तिसरं सत्र कोरडं गेलं. लोक उठून जाऊ लागले. ऑइलर्सनी गोली काढून सहावा खेळाडू आत घातला. घड्याळात १७.८ सेकंद. कोरी पेरी, वय चाळीस, गोलच्या तोंडाशी. ४-४.

आवाज काय झाला ते लिहिता येत नाही. मी मात्र ओरडलो नाही. मला अचानक सिडनी आठवलं. २०००, ऑलिम्पिक, भारत विरुद्ध पोलंड. जिंकलो की उपांत्य फेरी, आणि आपण १-० पुढे. शेवटच्या दोन मिनिटांच्या आत पोलंडची बरोबरी. खडकीतल्या एका घरात आम्ही अकराजण टीव्हीसमोर होतो, धनराज मैदानावर. सामना संपल्यावर टीव्ही कुणी बंद केला ते आठवत नाही. मी पाजींना म्हटलं, "अशा गोलची दुसरी बाजू मला माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. सिडनी त्यांनाही आठवत होतं.

साखळी सामन्यांत ओव्हरटाइमला दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू आणि फक्त पाच मिनिटं. हरलात तरी एक गुण पदरात. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, तसलं काही नाही. पाचास पाच, वीस-वीस मिनिटांची सत्रं, पहिला गोल होईपर्यंत. पहाट झाली तरी. ओव्हरटाइमचं पहिलं सत्र कोरं गेलं. दहाकडे काटा सरकत होता आणि आकाशात अजून उजेड, कारण हे शहर फार उत्तरेला आहे. मावळायचं राहून गेल्यासारखा सूर्य. दुसऱ्या सत्राची आठ मिनिटं आणि पाच सेकंद झाली. लुंडेलचा पास, मार्शंड पुन्हा मोकळा, ऑइलर्सचा गोली स्किनर याच्या दोन पायांमधून पक आत. ५-४ फ्लोरिडा.

जिंकल्यावर इथे एक गाणं वाजतं. ते वाजलं नाही. हजारो माणसं, आणि फक्त कुरकुरीत कागदी प्लेट्स पायाखाली येण्याचा आवाज.

ट्रेनला एवढी गर्दी की आम्ही चालत निघालो. तावातिना पुलाखालून पादचाऱ्यांचा रस्ता आहे, वर ट्रेन, खाली नॉर्थ सस्कॅचवान नदी, आणि डोक्यावर छताला पाचशेहून जास्त चित्रं लावलेली. शहरातली सर्वांत सुंदर जागा. आम्ही एकही चित्र नीट पाहिलं नाही.

"चार गोल करून हरतो म्हणजे पुढचे तिघे चुकले नाहीत," जावई म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं सर्वात मोठं वाक्य. "पाचवा पायांतून गेला."

"स्किनर इथलाच मुलगा आहे, त्याला बोलू नका," भाची. "ओव्हरटाइममध्ये दोघांना सतत एकत्र पाठवायला हवं होतं. एक गोल तर हवा होता! हायमन जखमी आहे, मॅकडेव्हिडच्या बाजूला पूर्ण ताकदीचा माणूसच नाही."

पाजींनी चालणं थांबवलं. "दो इंजन एक ही गड्डी में क्यों लगाने? बाकी गड्डियाँ कौन खींचेगा?"

आता हे खडकीच्या माणसाला सांगायचं? मी त्यांना भोर घाट समजावला. कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात, त्याशिवाय बहुतेक गाड्या घाट चढतच नाहीत. चढ असेल तर डबल इंजिन लावावंच लागतं! भाचीने टाळी दिली.

"और घाट के बाद?" पाजींनी विचारलं.

"लोणावळ्याला काढतात."

"बस्स," पाजी म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. भाचीने टाळीचा हात मागे घेतला.

मला वाटतं खरी गोष्ट त्यांच्या दोघांच्याही हातून सुटत होती. मी दोन सामने बघितलेला माणूस, तरी सांगतो. फ्लोरिडाने त्या रात्री मारलं ते पहिल्या लाइनने नाही. मार्शंड, लुंडेल, लुओस्टारिनेन ही त्यांची तिसरी लाइन. आपण आपल्या दोन इंजिनांचा हिशेब करत बसलो आणि त्यांची मालगाडी येऊन धडकली. शिवाय सामना घरचा होता, म्हणजे शेवटचा बदल करायचा हक्क ऑइलर्सचे प्रशिक्षक ख्रिस नॉबलॉक यांच्याकडे. समोर कोण आलंय ते बघून आपले तिघे पाठवायचे. पुढचे दोन सामने फ्लोरिडात, तिथे तो हक्क त्यांचा. मी हे मोठ्या आवाजात बोललो तर जावयांनी पहिल्यांदा मान डोलावली आणि पाजी म्हणाले, "भाईसाब, टिकट आगे बढ़ा लो."

पुलाच्या पलीकडे मटार्ट बागेचे काचेचे चार पिरॅमिड उरलेल्या उजेडात चमकत होते. ट्रेन आली. आमच्या डब्यात चाकाच्या खुर्चीतल्या एक वृद्ध बाई होत्या, गालावर ऑइलर्सच्या चिन्हातला तेलाचा थेंब रंगवलेला, त्याचा रंग वितळलेला. डब्यात सगळे गप्प होते. चौथ्या स्टेशनवर त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "एकत्र ठेवायला हवं होतं." आणि अख्खा डबा एकदम बोलायला लागला.

तिकीट मी पुढे ढकललं नाही. ११ जूनला निघालो. तिसरा सामना निघायच्या आधी बघितला, ६-१ हरलो, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. चौथा सामना सुरू होता तेव्हा मी पुण्यात घरी, अंगावर कॅनडाची झोप. सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. ०-३ मागून येऊन ऑइलर्स ओव्हरटाइममध्ये ५-४ जिंकले होते, गोल पुन्हा ड्रायझाइटलचा. एका प्लेऑफमध्ये ओव्हरटाइमचे चार गोल, असा विक्रम आजवर कुणाचा नव्हता. मागून भाचीच्या घरातला गोंगाट, पाजींचं "बोनिनो"!

मालिका त्यांनी पुढच्या दोन सामन्यांत गमावली, कप फ्लोरिडाकडेच राहिला. पण ते नंतर.

त्या सकाळी भाचीने गोलचा व्हिडिओ पाठवला. ड्रायझाइटल एका हाताने पक पुढे ढकलतो, तो बचावपटूला लागून आत. मी तीनदा बघितला, पकाकडे न बघता. शेजारी कोण आहे ते शोधत. ९७ नव्हता. कपानेन होता.

मी लिहिलं, "पाजींना सांग, लोणावळा आलं होतं."